टाकी नंबर सात

आठवीत खैरनार सरांनी फळ्यावर लिहिलं मस्ट,
खाली खडूनं दोनदा रेघ ओढली.
मस्ट म्हणजे केलंच पाहिजे.
नुसतं पाहिजे नाही रे, च पाहिजे, च!
आम्ही ओरडलो च
आणि शाळेचे पत्रे वाजले.

वीस वर्षांनी
निमाणीवरून सकाळची बस धरून
दिंडोरीकडच्या वायनरीत, लॅबमध्ये लागले,
तर पहिल्याच दिवशी टाकीवर खडूनं तेच.
मस्ट.
पुढे काही नाही.
मी उभी. मस्ट काय?
धुतलीच पाहिजे? झाकलीच पाहिजे?
हुकूम लिहिता लिहिता कुणाला तरी
जेवायला हाक आली असावी.

गायधनी मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं.
नळ सोडून पेलाभर रस दिला हातात,
गढूळ, जांभळा, सालं तरंगत होती.
म्हणाल्या, चिरडलं की द्राक्ष संपलं,
वाइन तर अजून झालीच नाही,
या मधल्याचं नाव मस्ट.
मग तो शाळेतला?
तो वेगळा. मूळही वेगळं.
पिंपळगावात एका आडनावाची दोन घरं असतात,
सोयर नाही, सुतक नाही,
पोस्टमन तेवढा चुकतो. तसं.

परतीच्या बसमध्ये आमच्याकडचा शब्द शोधला.
आमच्याकडे लागतं.
जावं लागतं, करावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं.
तहान लागते, ठेच लागते,
भात खाली लागतो,
तेच हे लागणं.
आणि एकदा लागलं की मी मी राहत नाही.
मी जाते.
मला जावं लागतं.
बघा, मीची मला झाली,
वाक्यात पुढं चालणारी
ओंजळ धरून उभी राहिली.
मसरूळला कंडक्टर म्हणाला, ताई, सुट्टे लागतील.
तेही लागतीलच.

फेब्रुवारीत शिराझ आलं, क्रेटवर क्रेट.
टाकी सात आतून उकळायला लागली,
विस्तव नाही, कुणी ढवळत नाही,
सालांचा थर फुगून वर येतो,
कान लावला तर कुजबुज.
त्या संध्याकाळी थंडाव्याचा कॉम्प्रेसर बसला.
एकतीस अंश. बत्तीस.
मॅडम पुण्याला. मेकॅनिक सातपूरला, निघतो म्हणाला,
म्हणजे निघाला नव्हता.
गेटवर शेवटच्या बसनं दोनदा हॉर्न दिला.

मी विहिरीच्या मोटरचा पाइप टाकीच्या अंगावर सोडला,
शिडीवर चढून थर दाबत राहिले,
साडी जांभळी, चप्पल जांभळी.
नवऱ्याचा फोन.
कुणी सांगितलं तुला थांबायला?
कुणीच नाही.
मग?
मग काय सांगणार. पाइप निसटत होता.

सरांचा एक नियम तेव्हा आठवला,
मस्ट आतून येतं, हॅव टू बाहेरून.
दोन मार्कांना होता. मी उलटं लिहिलं होतं.
आणि दुसरा, जो सर तास संपताना
डस्टर आपटत म्हणाले होते,
मस्टला भूतकाळ नसतो.
कालचं सांगायचं तर हॅड टू म्हणायचं.

पहाटे सव्वीस अंश.
रजिस्टरमध्ये शेरा इंग्रजीत लागतो
(लागतो, बघा),
लिहिलं, आय हॅड टू स्टे.
वाचलं
तर कुणीतरी दंडाला धरून बसवल्यासारखं.
रात्री तसं नव्हतं हो.
रात्री कुणाचा हात नव्हता,
दाबून दाबून दुखणारे तेवढे माझेच.
पण ते काल झालं,
आणि कालसाठी त्या भाषेकडे
बाहेरचंच क्रियापद आहे.

खोडलं.
मराठीत लिहायला गेले, थांबावं लागलं.
तेही खोडलं.
मी थांबले, एवढंच लिहून पाहिलं.
छोटं वाटलं, पण मी होती त्यात.

मॅडम आल्या, खाडाखोड बघितली,
काही विचारलं नाही.
नवव्या दिवशी कुणीतरी बाहीनं
टाकीवरचा खडू पुसला.